ऑफिसची खोली

अहमदाबाद

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर हे सांगायला गेले की आईचा आवाज भरून येतो, बाबा उन्हाचं विचारतात आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

सेप्टची, इथल्या आर्किटेक्चर विद्यापीठाची, नोकरी मी घेतली. पूर्णवेळ शिकवायची. पत्रावर सही करून झाली आहे. म्हणजे धरमपेठचं ऑफिस चालवायला मी येणार नाही, आणि खालची ती खोली आता माझ्यासाठी अडवून ठेवायची नाही. तिथे तुम्हा दोघांचा पलंग येईल.

बाबा, हे वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवला असेल. आधी पूर्ण वाचा.

मला प्रॅक्टिस नको झाली म्हणून मी शिकवायला जात नाहीये. तुमचं सगळं आयुष्य दोन पाळ्यांत गेलं, दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी ऑफिस. लोकांना तुमची घरं दिसतात. मला मात्र जिथे जाईन तिथे तुमचे विद्यार्थी भेटतात. साइटवर, नगरपालिकेत, परवा तर इथल्या स्टेशनवर एकजण. सगळ्यांची आठवण एकच असते: मे महिन्यात दुपारी चार वाजता सरांनी आम्हाला पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून उभं केलं होतं. ‘आता सांगा, या भिंतीला बेडरूम द्याल?’ त्यातला एकही माणूस पुढे पश्चिमेला बेडरूम देत नाही. तिकडे जिना, न्हाणीघर, कोठीची खोली. वर खोल छज्जा. नागपूरच्या किती घरांत लोक त्यामुळे बऱ्यापैकी झोपत असतील! मला तुमच्या कामातलं हेच पुढे न्यायचं आहे. तुमची घरं कमी मोलाची असं मी म्हणत नाही. पण ती तुम्ही बांधलीत, त्यांच्यात मी भर काय घालणार?

आणि आर्किटेक्ट बी. व्ही. दोशींचं तुम्हीच तर सांगायचात. कॉर्बुझिएकडे काम करून आलेला माणूस, स्वतःचं ऑफिस चालू, तरी १९६२ साली अहमदाबादेत शाळा उभी केली. त्याच शाळेत तुमची मुलगी शिकवणार आहे. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालं तेव्हा तुम्ही सकाळी मला उठवून सांगितलंत, ‘मास्तर माणसाला मिळालं.’ किती खूश होतात तुम्ही! माझ्यासाठीही तेवढंच खूश व्हा ना.

दादा म्हणाला, नागपुरात राहूनही शिकवता आलं असतं. आलं असतं. मी सगळीकडे विचारलं, खरंच विचारलं. पण मला जे शिकवायचंय, हवामान आणि कमी खर्चाची घरं, त्याची जागा इथे निघाली. नागपूर-अहमदाबाद थेट गाडी आहे, विमान आहे. दिवाळी आणि उन्हाळा मी तुमच्याकडेच. आई, हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाहीये, ठरवून लिहितेय.

मला आठवतं, दीक्षाभूमीच्या स्तूपाचं काम चालू असताना तुम्ही मुलांना घेऊन जायचात आणि मी स्कूटरवर पुढे उभी. सांचीचा स्तूप आतून भरीव, हा पोकळ, १२० फुटांचा घुमट, माणसं आत जाऊन बसू शकतात, असं तुम्ही मुलांना सांगत होतात. मला वाटायचं हे सगळं तुम्हीच बांधताय. वर्गात कुणी तसं म्हणालं नाही याचं मला रडू आलं होतं आणि तुम्ही मला बर्डीवर संत्रा बर्फी घेऊन दिली होती. बाबा, अजूनही तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोललं की माझे डोळे भरतात.

आता कामाचं. नवतपा, मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायच्या आत हे व्हायला हवं. वरची खोली स्लॅबखाली आहे, गच्चीवर ऊन परतवणारं पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोजॅक असलं तरी पारा ४७ च्या वर गेला की ती तापतेच. त्यात बाबांचे गुडघे आणि तो जिना. डॉक्टरांनी सांगितलंय, मी पुन्हा सांगणार नाही.

खालच्या संडासाचा उंबरठा काढायचा. दार बाहेर उघडणारं करायचं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अंगानेच अडतं, हे बाबा, तुम्ही तिसऱ्या वर्षाला शिकवायचात. मग आपल्याच घरी का नाही? कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा, तोही भिंतीत पक्का, टाइल्सवर चिकटवलेला नाही. फरशी खरखरीत. मिस्त्रीकाकांना मी नकाशा पाठवलाय. बाबांनी त्यात दुरुस्त्या कराव्यात, पण काम थांबवू नये.

तुमचं ड्रॉइंगचं टेबल कुठेही जाणार नाही. उत्तरेच्या खिडकीखाली आहे तिथेच राहील, पलंग त्याच्या डाव्या बाजूला बसतो, मी मापं घेतली आहेत. फाटकावरची पाटीही राहील. ट्रेसिंगच्या गुंडाळ्या मी सुट्टीत येऊन स्वतः स्कॅन करणार आहे. अमोनिया प्रिंट पुसट होत चालल्यात, त्या आधी. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका, रद्दीवाल्याला तर नाहीच. आई, तुझा देव्हारा, तुझी सांबाराची कुंडी, काही हलत नाही. उलट स्वयंपाकघर जवळ आलं, बाबांना चहा घेऊन वर चढायला नको. नवा कूलर पुढच्या आठवड्यात येईल. त्याला वाळ्याच्या ताट्या लावायला सांगितल्यात, तुला गवताचा वास चालत नाही म्हणून.

अकरा ते पाच बाहेर पडायचं नाही, दोघांनीही. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आई, विसरली तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि बाबा, संडासाच्या दाराची मोकळी रुंदी मोजून मला आजच कळवा. नव्वद सेंटिमीटर हवी. कमी भरली तर चौकट बदलावी लागेल आणि सुताराला आधी सांगावं लागेल.

तुमची,
मनू