ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना

महोदय,

सोयाबीन निघाले की सांवेर रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. गेल्या हंगामात माझाही त्यात होता. मागच्या हूकच्या पट्टीला तडा गेला होता. कारागिराने अर्थची क्लिप (वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणारी) पार पुढे, रंगावरच अडकवली. बॅटरी जोडलेलीच होती. दहा मिनिटांत काम झाले, पण घरी येताना चार्जिंगचा लाल दिवा विझेना. वेल्डिंगच्या करंटने अल्टरनेटरचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे, डायोड जळाले होते.

बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढायला दोन मिनिटे लागतात. क्लिप वेल्डिंगच्या अगदी जवळ, रंग खरवडून लावावी, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही. 2023 पासून 50 एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक प्रदूषण-नियम लागू आहेत. त्यांतल्या कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, जळाला तर खर्च फार मोठा.

पण मला खरी धास्ती आहे ती रिमची. टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. उष्णतेने आतल्या रबराचा गॅस होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडली तरी धोका टळत नाही, टायर उतरवलाच पाहिजे. डिझेलची टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते, तिला तर हातच लावू नये.

कृषी विभागाने शेतकरी मेळाव्यात बियाण्यांबरोबर हेही प्रत्यक्ष करून दाखवावे. कारागिरांनाही जरूर बोलवावे.

— एक शेतकरी, सांवेर (जि. इंदूर)