तुमच्या 'बर्थखाली बसणाऱ्या' बॅगेबद्दल तक्रार, पाचव्यांदा

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर, आणि त्यांच्या वर जे कोण असतील ते

आत्ता पावणेसहाला तुमच्या माणसाने "आणखी काही मदत करू का मॅम" असं विचारून फोन ठेवला. आणखी म्हणजे काय ते मला कळलं नाही, आधी कुठली केली होती? म्हणून आता लेखी देते. ऑर्डर नंबर, तक्रार नंबर, सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, चार वेळा मी वाचून दाखवलंय, पाचव्यांदा वाचणार नाही.

बॅग कुठली ते तुम्हाला माहिती आहेच. चार चाकांची, निळी, ४,२९९ रुपयांची, जिच्या जाहिरातीत एक बाई हसत हसत ती रेल्वेच्या बर्थखाली एका पायाने ढकलते आणि खाली लिहिलंय 'कुठल्याही बर्थखाली आरामात, जाडी फक्त २४ सेंमी'. सोबत साखळी आणि कुलूप फ्री. त्या एका पायाने ढकलण्यावरच मी भुलले, खरं सांगते. वय झालं की वाकायला नको वाटतं.

मुलीचं बाळंतपण मुंबईला, म्हणून सासूबाईंना घेऊन महालक्ष्मीने निघालो. सांगलीतून रात्रीची गाडी, स्लीपर, १७ नंबर लोअर सासूबाईंचा आणि १८ मिडल माझा. बॅगेत डिंकाचे लाडू, बेदाणे, हळद, भडंग आणि मी स्वतः शिवलेली बारा दुपटी, झबली, टोपडी. घरच्या काट्यावर १९ किलो. स्लीपरला माणशी ४० किलो फुकट नेता येतं त्यामुळे वजनाची काळजी नव्हती. काळजी बर्थखालची होती आणि त्यासाठीच तुमची बॅग घेतली होती, नाहीतर घरात लग्नातली पत्र्याची ट्रंक आहे जी तीस वर्षं कुठल्याही बर्थखाली मुकाट्याने जाते, फक्त उचलताना हाताला कापते.

बॅग बर्थखाली गेली नाही. पायाने नाही, हाताने नाही, समोरच्या बर्थवरच्या दादांनी गुडघा लावून ढकलली तरी नाही. वरची पट्टी आडवी आली, चार बोटं बॅग वर. आडवी घालून बघितली, उलटी घालून बघितली, पुढच्या कप्प्यातलं भडंगाचं पाकीट काढून बघितलं, तेवढ्यात गाडी सुटली.

मग ती बॅग ठेवायची कुठं? दोन बर्थच्या मधे उभी. आणि उभी केल्यावर तुमच्या दुसऱ्या गुणाचा पत्ता लागला, ती ३६० डिग्री फिरणारी चाकं. चाकांना ब्रेक नाही. ड्रायव्हरने जरा ब्रेक मारला की बॅग निघाली पॅसेजमधून, जशी काय तिलाच बाथरूमला जायचंय. बर्थखाली साखळी बांधायला लोखंडी कड्या असतात, हे तुम्हाला माहिती असेलच कारण तुम्ही साखळी फ्री देता, पण बॅग बाहेर उभी आणि कडी आत भिंतीला, मधलं अंतर तुमच्या साखळीला पुरत नाही. म्हणजे बॅग बर्थखाली गेली तरच साखळी पुरते. आणि बॅग बर्थखाली जात नाही.

शेवटी सासूबाईंनी नऊवारीचा पदर बॅगेच्या मुठीला गाठ मारून बांधला आणि झोपल्या. झोपल्या म्हणजे काय, कराडला गाडी थांबली तेव्हा बॅग निघाली, पदर ओढला गेला, त्या "चोर चोर" म्हणून उठल्या आणि अख्खा डबा उठला. चोर नव्हता, तुमची बॅग होती. कराडला चढणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नडगीवर जाऊन ती आपटली होती. मी मिडल बर्थवरून अंधारात खाली उतरून त्यांची माफी मागितली. ते बिचारे म्हणाले असू दे ताई. तुमच्याकडून हे दोन शब्द अजून आले नाहीत, पण त्यांच्याकडून आले, ज्यांना लागलं होतं. साताऱ्यापासून पुढे मी खाली बॅगेवरच बसून राहिले, पाठ सासूबाईंच्या बर्थला टेकून. म्हणजे बॅग बर्थखाली आणि मी बर्थवर अशी तुमची जाहिरात, प्रत्यक्षात बर्थ रिकामा आणि मी बॅगेवर.

मुलीकडे पोचल्यावर बॅग रिकामी केली, टेप लावली. ३१ सेंमी. रिकामी, चेन लावलेली, एक्सपांडर म्हणजे बॅग फुगवायची ती जादा चेन न उघडता. टॅगवर २४.

आता चार फोन. पहिल्या तीनबद्दल जास्त लिहीत नाही. पहिल्यात म्हणे रिटर्नची १० दिवसांची मुदत संपली. अहो बॅग आल्यावर अकराव्या दिवशी प्रवास होता, दहा दिवसांत बर्थ कुठून आणू, घरात पलंग आहेत. दुसऱ्यात म्हणे बर्थखाली जात नाही याचा व्हिडिओ पाठवा, कोच नंबर दिसला पाहिजे. तर मी परत आल्यावर १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून, भाच्याला मोबाईल धरायला घेऊन, रात्री रिकामी बॅग ओढत सांगली स्टेशनला गेले. गाडी थांबते किती वेळ, त्यात डब्यात चढा, कुणाला तरी पाय वर घ्या म्हणा, बॅग ढकलून दाखवा, टेप लावून दाखवा, उतरा. लोक विचारत होते मावशी जागा शोधताय का. काय सांगू, कंपनीला पुरावा शोधतेय? तिसऱ्या फोनला म्हणे व्हिडिओ मिळाला पण त्यात बॅग वापरलेली दिसते, वापरलेली बॅग परत घेत नाही. वापरल्याशिवाय जात नाही हे कळणार कसं आणि वापरली की परत घेणार नाही. हे ज्याने ठरवलं त्याचा मला सत्कार करायचाय.

चौथा फोन आजचा. हा नीट वाचा, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल, ताडून बघता येईल.

तुमचा मुलगा, आवाजावरून माझ्या भाच्याच्या वयाचा, बोलायला नम्र, म्हणाला, "मॅम, २४ हे बरोबरच आहे, तुमचं माप घेताना चूक झाली असेल."

मी म्हणलं, "बाळ, मी विश्रामबागला २८ वर्षं ब्लाऊज शिवते. टेप माझ्या गळ्यात असते, मंगळसूत्राच्या बरोबरीने."

तो म्हणाला, "हो मॅम, पण बॅगेचं माप वेगळं असतं. टेप सरळ धरावी लागते."

मी काहीच बोलले नाही. खरंच. दुकानात मशीनपाशी एक बाई फिटिंगला थांबलेली होती, तिने माझं तोंड बघून स्वतःहून खुर्ची घेतली.

मग तो म्हणाला, "मॅम, घरात मिस्टर आहेत का? त्यांना फोन द्याल का, त्यांना मी नीट समजावून सांगतो."

मिस्टर. आमच्या मिस्टरांना स्वतःच्या शर्टचा नंबर माहिती नाही. दुकानात गेले की मला फोन करून विचारतात, मी किती? त्यांना बोलावून मी विचारणार की माझी टेप सरळ होती का! मी त्याला एवढंच विचारलं की २४ तुम्ही कुठून कुठपर्यंत मोजता ते सांग. तर होल्डवर ठेवलं, सात मिनिटं गाणं ऐकवलं, आणि आल्यावर उत्तर काय, "मॅम, २४ हे मेन बॉडीचं माप आहे. पुढचे दोन कप्पे आणि मागची दांड्याची बाजू त्यात धरत नाहीत."

धरत नाहीत! म्हणजे कप्पे बॅगेबरोबर गाडीत येत नाहीत का? ते मागून बसने येतात? उद्या मी गिऱ्हाइकाला ब्लाऊज देईन आणि सांगेन, बाई माप ३४ बरोबरच आहे, फक्त त्यात तुमचा श्वास धरलेला नाही. किती दिवस दुकान चालेल माझं? फिटिंगला आलेली बाई हे ऐकून हसायला लागली आणि तुमचा मुलगा म्हणाला, "मॅम, तुम्ही बॅग उभी ठेवू शकता."

उभी. कराडपर्यंत उभीच होती.

त्या मुलावर माझा राग नाही, त्याला जे कागदावर लिहून दिलंय ते तो वाचतो. मिस्टरांना बोलवा हे पण कागदावर लिहिलंय का, तेवढं मला कळवा. लिहिलं असेल तर ते लिहिणाऱ्याशी मला बोलायचंय, आणि त्यांच्या मिसेस घरात असतील तर त्यांच्याशीच.

आमच्या शेजारचे काका रेल्वेतून रिटायर झालेत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, स्लीपरमधे सोबत नेण्याच्या ट्रंक-सुटकेसचं माप रेल्वेनेच ठरवून दिलंय, १०० बाय ६० बाय २५ सेंमी. पंचवीस! म्हणून तुम्ही टॅगवर २४ छापलंय, मला आत्ता उलगडा झाला. माझी ट्रंक बसते ती उगाच नाही. दोन, जे सामान आपण बुक न करता सोबत नेतो ते चोरीला गेलं तर रेल्वेच्या माणसांचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय रेल्वे जबाबदार नसते, १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १०० आहे. म्हणजे रात्रभर त्या सामानाचा वाली मी, सासूबाईंचा पदर आणि तुमची न पुरणारी साखळी. असं असताना बॅग बर्थखाली जाणं ही काय हौस नाही, तेवढी एकच सोय असते माणसाला झोपायची. आणि तीच तुम्ही विकली आणि दिली नाही.

एक आणखी सांगते, ते सांगायचं नव्हतं पण आता लिहायला बसलेच आहे तर. माझ्या वडिलांनी तुमच्याच कंपनीची सुटकेस घेतली होती, भाऊ कॉलेजला गेला तेव्हा. कडक, चॉकलेटी, किल्ली वेगळी. ती अजून माळ्यावर आहे, तिच्यात माझी जुनी पॅटर्नची पुस्तकं आहेत, कुलूप अजून लागतं. त्या सुटकेसमुळे मी तुमचं नाव बघून दुसऱ्या बॅगा बघितल्याच नाहीत. जाऊबाईंनी बाजारातून १,८०० ची घेतली, ती जाते बर्थखाली. मला तेव्हापासून रोज ऐकायला लागतंय.

तर आता मला काय पाहिजे. पूर्ण ४,२९९ परत, कूपन नको, 'पुढच्या खरेदीवर सूट' नको, पुढची खरेदी होणार नाही. बॅग तुमच्या खर्चाने न्यायची. आणि त्या जाहिरातीतली ती पायाने ढकलणारी बाई काढायची नाहीतर खाली खरं माप छापायचं, ३१, कप्प्यांसकट. पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघते. नंतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला, आणि तिथून सांगलीच्या ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथं केस करता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही, पाच लाखांपर्यंत फी पण नाही, आणि फसव्या जाहिरातीला दंड किती होतो ते तुमच्या वकिलांना विचारा, दहा लाखांपर्यंत जातो. पुरावा म्हणून बॅग, टॅग, टेप आणि व्हिडिओ चारही आणणार आहे. वकील करणार नाही, माप मी स्वतःच घेऊन दाखवीन, सरळ धरून.

हे सगळं ४,२९९ साठी का करतेय असं तुम्हाला वाटेल. मिस्टरांना पण तसंच वाटतं.

बॅग न्यायला माणूस पाठवाल तेव्हा एक दिवस आधी कळवा. सध्या ती दुकानात शिलाई मशीनच्या बाजूला उभी आहे, चाकांपुढे वीट लावून. मशीनखाली ठेवणार होते, जात नाही. आत कापडाच्या चिंध्या भरल्यात, त्या काढून ठेवायला लागतील.

तुमची ग्राहक
सांगली