व्हेलला पट्टा बांधायचा कुठे?

महोदय,

रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळ्यातला पट्टा) लावलेला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला ‘जय’ वाघ २०१६ मध्ये बेपत्ता झाला, तेव्हा कॉलरच्या मर्यादांची नागपुरात बरीच चर्चा झाली. व्हेलचा माग काढण्यात अडचण मुळातच आहे; पट्टा अडकवावा अशी मानच तिला नाही, आणि खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी खोलवर पोहोचत नाहीत. म्हणून अमेरिकेतील वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेत मार्क जॉन्सन आणि पीटर टायक यांनी विकसित केलेला ‘डी-टॅग’ हा छोटा नोंदयंत्राचा संच होडीतून लांब काठीने, सक्शन कपांच्या आधारे तिच्या पाठीवर चिकटवतात. आवाज, खोली आणि अंगाची वळणे तो स्वतःतच साठवतो, काही तासांनी सुटून तरंगतो आणि मग अथांग पाण्यात ती इवलीशी वस्तू हुडकावी लागते. आपल्या विज्ञान पुरवणीत या उपकरणांवर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर