तट्टांच्या खुरांकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माळेगावची यात्रा जवळ आली की आमच्या लोहा-कंधार भागात घोड्यांच्या गप्पा सुरू होतात. कुणाची घोडी कितीला गेली, हे पेपरातही छापून येते. मला लिहायचे आहे ते बुटक्या तट्टांबद्दल. मेंढपाळाचा सगळा संसार, म्हणजे वाघर (मेंढरांभोवती लावायची जाळी), भांडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे, हेच जनावर पाठीवर घेऊन रानोरान फिरते.

आमच्याकडे वडिलांपासून मेंढरांचा वाडा आहे. गेल्या आषाढात आमच्या घोडीच्या पुढच्या खुरात खिळा गेला. त्याच दिवशी मी जवळच्या दवाखान्यात विचारले, तर 'घोड्याचे इथे काही नसते' असे उत्तर मिळाले. मग खिळा काढला, हळद-तेल भरले. दोन दिवसांत ती चालू लागली आणि आम्ही निर्धास्त झालो. बाराव्या दिवशी सकाळी पुढ्यात चंदी ठेवली, तर तिला तोंडच उघडेना. कान ताठ, शेपूट वर, पाय लाकडासारखे, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरी पापणी बुबुळावर सरकलेली. जरा भांडे वाजले की सगळे अंग थरथरायचे. धनुर्वात झाला होता. चौथ्या दिवशी ती गेली.

या रोगाचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत घोड्याच्या जातीला त्याचा धोका सर्वांत जास्त. लस मात्र साधी आहे. महिन्याच्या अंतराने दोन डोस, पुढे ठरल्याप्रमाणे बूस्टर. हे मला घोडी गेल्यावर कळले, याचे फार वाईट वाटते.

खुरांचेही तसेच. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून दीड-दोन महिन्यांनी तो तासावा लागतो. पण टांगे गेले आणि नालबंदही गेले. पावसाळाभर काळ्या रानातल्या चिखलात उभे राहून तळवा सडतो, त्याला घाण वास येतो. रोज खूर उचलून साफ केला तर हे टळते. लग्नातले उरलेले अन्न मायेने टोपलीभर तट्टापुढे ओतू नका, अशी माझी विनंती आहे. घोड्याला ओकता येत नाही, त्याचे पोट फुगते आणि तो लोळून लोळून मरतो.

ओझे वाहणाऱ्या जनावरांचा छळ होऊ नये म्हणून केलेल्या 1965 च्या सरकारी नियमांप्रमाणे तट्टाच्या पाठीवर 70 किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 त्याच्याकडून काम घेता येत नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, पण वीटभट्टीवर हा नियम कुणी ऐकलेलाही नाही.

माळेगावला लाल कंधारी आणि देवणी गाई-बैलांचे कौतुक होते, ते व्हायलाच हवे. त्याच मैदानात तट्टांसाठी एक मांडव टाकावा. तिथे लस द्यावी आणि खूर तासून द्यावेत. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथले विद्यार्थी आले तर आमच्या पोरांना खूर तासायलाही शिकवतील.

त्या घोडीचे शिंगरू आता आमच्या दावणीला आहे. त्याला लस द्यायला मी परभणीला घेऊन गेलो. लसीच्या कितीतरी पट पैसे टेम्पोच्या भाड्यात गेले. दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे, तो तरी लोह्यात मिळावा.

आपला,
एक मेंढपाळ वाचक
ता. लोहा, जि. नांदेड