आटगावच्या अलीकडे अंधारात भेटलेल्या गँगमन दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं आणि तेच आता रोज टोचतंय, म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय. कसारा लाईनवर प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी गँगमध्ये, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत, असतंच, कुणाचा मेहुणा, कुणाचा चुलतभाऊ, त्यातला कुणीतरी तुम्हाला हे दाखवेल अशी आशा.

खूण सांगते. जुलैतला मुसळधार पाऊस, रात्रीची कसारा लोकल, आसनगाव सोडलं आणि आटगावच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. लेडीज डबा. डोळ्यावर काळा गॉगल लावलेली सत्तरीची म्हातारी आणि तिच्या शेजारी ड्रॉपची बाटली हातात धरून रडकुंडीला आलेली मी. आठवलं ना आता?

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या दिवशी ठाण्याला झालं होतं, त्या दिवशी पट्टी काढून घरी सोडलं. दर दोन तासांनी ड्रॉप घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, गर्दीत धक्का लागू द्यायचा नाही. डॉक्टर म्हणाले शक्यतो रिक्षानेच न्या. त्यांना आमची खर्डी म्हणजे इथेच ठाण्याजवळ, खारेगावच्या पुढे कुठेतरी वाटलं असावं बहुतेक, ती तर आटगावच्याही पुढे. ठाण्याहून खर्डीला रिक्षा! मी हो म्हटलं आणि स्टेशनला आले.

स्टेशनवर काय झालं ते थोडक्यातच सांगते कारण ते सगळ्यांना पाठ आहे. इंडिकेटरवर कसारा होती, मग गायब झाली, मग परत आली आणि तिच्यापुढची वेळ पुसली गेली. आमच्याकडे एक गाडी चुकली तर पुढचीसाठी किती ताटकळायचं ते आम्हालाच माहीत, डोंबिवलीकरांसारखं ही नाही तर ती असं नसतं. चौकशीच्या खिडकीवर गेले, आतले साहेब मोबाईलमध्ये, मान वर न करता म्हणाले 'आएगी'. कधी? 'बोला ना आएगी.' म्हटलं पेशंट आहे बरोबर, तर हाताने बाजूला व्हायची खूण. स्टेशनचं नाव घेत नाही, खिडकी कुठलीही असो, मान तीच असते. आणि वर त्या बाईंची अनाउन्समेंट, आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आवाज काय गोड आहे हो. अठरा वर्षं पास काढतेय, या एका वाक्यापलीकडे मला कुणी काही सांगितलेलं नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, पावणेदोनशे वर्षं होत आली त्याला, पण 'किती वेळ लागेल' याचं सरळ उत्तर अजून काही धावत आलेलं नाही.

मग गाडी मिळाली, कल्याणनंतर गर्दी उतरली, आईला खिडकी मिळाली. कल्याणच्या पुढे आमच्याकडे दोनच लाईनी, एक जायची एक यायची, त्यावरच नाशिकच्या मेल, त्यावरच मालगाड्या आणि उरलेल्या जागेत आम्ही. तिसऱ्या लाईनचं काम तर मी वर्षानुवर्षं खिडकीतून बघतेय. त्यामुळे गाडी थांबली तेव्हा आधी कुणी काही बोललंच नाही, वाटलं मेल काढत असतील. पंधरा मिनिटं झाली. पंखे बंद पडले, दिवे गेले, एखाददुसरा मिणमिणत राहिला. अर्धा तास झाला. अॅपवर गाडी वेळेवर आटगावला पोचली सुद्धा होती! बाहेर काळोख आणि पाण्याचा आवाज, आणि २०२४ च्या जुलैत इथून पुढेच आटगाव-थानसीतमध्ये माती आणि झाड रुळावर आलं होतं ते सगळ्यांच्या डोक्यात, पण तोंडाने कुणी काढेना. एक कॉलेजची मुलगी उतरून चालत जाऊ म्हणायला लागली.

तेव्हा खिडकीच्या जाळीवर टकटक झाली आणि तुम्ही दिसलात. म्हणजे आधी टॉर्च दिसला. रेनकोट, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल. तुम्ही म्हणालात, 'कुणी उतरू नका बायांनो, पुढं वायरवर फांदी आलीय, करंट बंद केलाय, माणसं पोचतायत. किती वेळ ते मलाबी नाही माहीत. कळलं की येऊन सांगतो.'

मलाबी नाही माहीत! दादा, तुम्हाला खोटं वाटेल पण हे ऐकून डबा शांत झाला. ती कॉलेजची मुलगी गपचूप खाली बसली. आणि मी मनात म्हटलं हा काही परत येत नाही.

ड्रॉपची वेळ झाली होती. माझा फोन चार टक्के. आजूबाजूच्या बायका बिचाऱ्या मदतीला धावल्या, तिघी-चौघींनी एकदम मोबाईलचे फ्लॅश आईच्या थेट डोळ्यावर मारले, आईने डोळा घट्ट मिटला, थेंब गालावर. दुसरा नाकावर. आई म्हणायला लागली राहू दे गं, घरी घालू. बाटली एवढीशी, त्यातलं किती सांडलं काय कळेना, आणि मला रडू फुटलं, खरं सांगते.

तेवढ्यात तुम्ही परत आलात. आलातच! 'अजून तासभर तरी' एवढं सांगायला तुम्ही पावसात खडीवरून मागे चालत आलात, आणि तो तास खरोखर तासच निघाला. दारातूनच विचारलंत काय झालं म्हणून. आत या म्हटलं तर 'नको, ओला हाय मी', दारातल्या दांड्याला धरून उभे. मग आईलाच आम्ही दाराजवळच्या सीटवर आणलं. तुम्ही टॉर्च तिच्या बाजूने धरलात आणि काचेवर दुसरा हात ठेवलात, पूर्ण. उजेड सगळा तुमच्या बोटांमधून आला, लालसर, मंद, डोळ्याला न खुपणारा. मुळीच हलला नाहीत. कोपरावरून पाणी गळत होतं ते तिच्यावर पडू नये म्हणून कोपर तेवढं बाहेर काढून ठेवलं होतं. एक थेंब, बरोबर आत. 'आजी, आता मिटा डोळा आन् पाच मिनिटं बसा,' म्हणालात आणि गेलात.

त्यानंतर काय झालं ते नीट आठवतही नाही. वायर मोकळी झाली, गाडी हलली, साडेअकराच्या पुढे खर्डीला पोचलो. डॉक्टरांनी नंतर तपासलं, डोळा छान आहे.

मला आधी माहीत नव्हतं, नंतर शेजारच्या काकांनी सांगितलं, ते रेल्वेतून रिटायर झालेत, की पावसाळ्यात तुमची रात्रभर गस्त असते, खांद्याला फटाके, रूळ खचलेला दिसला की ते रुळावर बांधायचे म्हणजे आवाजाने गाडी थांबते. म्हणजे आम्ही आत डुलक्या काढत असतो तेव्हा कुणीतरी अंधारात एकटा चालत पुढचे रूळ बघत असतो. तुमचं काम तेवढंच. ड्रॉपसाठी उजेड धरणं कुणाच्याच ड्युटीत बसत नाही, आणि प्रवाशांना खरं काय ते सांगणं ज्यांच्या ड्युटीत बसतं ते खिडकीमागे कोरडे बसलेले असतात, असो. माणूस चांगला असायला पगाराची ग्रेड लागत नाही हे मला पन्नाशीला आल्यावर रुळावर कळलं.

आईने तुमचा चेहरा पाहिलाच नाही. नव्या डोळ्याने पहिलं ठळक काय दिसलं असं नात विचारते तेव्हा ती 'लाल बोटं' म्हणते आणि नातीला वाटतं आजी गंमत करतेय.

परवा तपासणीला ठाण्याला निघालो होतो. आटगाव सुटल्यावर रुळाच्या कडेला चौघं-पाच जण नारिंगी जॅकेट घालून, फावडी टेकवून गाडी जायची वाट बघत उभे होते. आईने विचारलं, त्यातला आहे का गं तो? मी म्हटलं काय माहीत. तर तिने जाळीला हात लावून सगळ्यांनाच टाटा केला. एकाने परत केला. तुम्ही होतात का दादा?