परतीची उंची

ता. वाळवा, जि. सांगली
दि. ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेची नोटीस तुझ्या पिंपरीच्या पत्त्यावर पोहोचली असेल, तर तिच्यात लिहिलेले खरे आहे. ड्रोनच्या कर्जाचा सप्टेंबरचा हप्ता मी १६ दिवस उशिरा भरला. जामीनदार म्हणून त्या कागदावर तुझी सही आहे, आणि ही गोष्ट तुला माझ्याआधी एखाद्या छापील कागदाने सांगितली असेल, तर ती माझी दुसरी चूक झाली. पहिली १६ ऑगस्टला झाली. फोनवर सांगायला गेलो की मी प्रसंग सोपा करून टाकतो, तू 'जाऊ दे रे' म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून या वेळी मुद्दाम कागद घेऊन बसलो आहे.

श्रावणातल्या उघडिपीत आमच्या भागातल्या उसावर पोक्का बोइंग हा बुरशीचा रोग दिसू लागला होता. आडसाली ऊस तेव्हा डोक्याच्या वर गेलेला असतो आणि पाठीवरचा पंप घेऊन त्यात शिरणे म्हणजे अंगभर कुसळे आणि नाकातोंडात औषध, त्यामुळे त्या पंधरवड्यात ड्रोनला मागणी एवढी होती की मी पहाटे सहाला बाहेर पडत असे. त्या शुक्रवारी नदीकाठच्या एका शेतात बुरशीनाशक मारत होतो. सकाळपासूनची ती सहावी बॅटरीची जोडी, वारा वाढू लागलेला, आणि पुढच्या शेतकऱ्याचे दोन फोन येऊन गेलेले. शेताच्या पूर्वेच्या बांधावर सुबाभळीची रांग आहे आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्यांचे घर व गोठा. मी रांगेच्या बाजूला, रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेतून उड्डाण केले होते, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने 'घर' ती जागा, आणि उसावरून तिकडे परतायचे तर वाट त्या झाडांवरून जाणारी.

तू यंत्रांतला माणूस आहेस, म्हणून नेमके सांगतो. बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठरलेल्या मर्यादेखाली गेला की ड्रोन फवारणी थांबवतो, ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत वर चढतो आणि सरळ रेषेत उड्डाणाच्या जागी परत येतो. ही परतीची उंची आपणच भरायची असते. यंत्र आले तेव्हा ती १५ मीटर होती. जुलैमध्ये माळावर सोयाबीन फवारताना तिथे दूरवर एकही झाड नव्हते आणि प्रत्येक परतीला उगाच वर चढण्यात बॅटरी जाते, म्हणून मी ती ८ मीटर केली. माळावरून उसात आलो तेव्हा ती पुन्हा वाढवायची राहिली. सुबाभळी १२ मीटरच्या आसपास असाव्यात. दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी यंत्र आपणहून परत फिरले, आज्ञाधारकपणे ८ मीटरवर चढले आणि माझ्या डोळ्यांदेखत झाडाच्या मधल्या फांद्यांत शिरले. रिमोटची काडी मागे खेचेपर्यंत दोन पंखे तुटलेले होते. एका अंगावर कलंडून ते पलीकडे गेले आणि गोठ्याच्या सिमेंटच्या पत्र्यावर पडले. टाकी भरलेली असताना हे यंत्र २४ किलोच्या पुढे जाते. त्या वेळी टाकीत तीनेक लिटर उरले होते, म्हणजे साधारण १७ किलोंचा बोजा वरून आला असे समज.

दोन पत्रे फुटले. आत दोन म्हशी होत्या, त्यांना काही झाले नाही, एकीने मात्र दावे तोडले. गोठ्याच्या दारात, पडलेल्या तुकड्यांपासून पंधरा पावलांवर, त्या घरातला आठ वर्षांचा नातू उभा होता. ही पंधरा पावले मी नंतर स्वतः मोजली, आणि का मोजली ते मला सांगता येत नाही.

त्यानंतरचा अर्धा तास माझ्याकडून नीट झाला, एवढे तरी म्हणू दे. आधी मुलाला आणि त्याच्या आजीला लांब नेले, कारण बॅटरीची एक बाजू चेपली होती आणि अशी बॅटरी काही वेळाने पेट घेऊ शकते. ती काढून वाळूच्या घमेल्यात घालून उघड्यावर ठेवली. टाकीतले औषध गव्हाणीत आणि पाण्याच्या टाक्यात उडाले होते. टाके उपसून दोनदा धुतले, गव्हाणीतली वैरण बाहेर काढून पुरली आणि त्या दिवसाची वैरण माझ्या रानातून आणून दिली. आजी काही बोलत नव्हत्या. मी म्हणालो, "आजी, चूक माझी आहे, झाड दिसत असताना मी उंची तपासली नाही." त्या म्हणाल्या, "पोरगं आत्ताच बाहेर आलं होतं गोठ्यातनं." एवढेच. पत्र्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी दिले आणि गवंडी स्वतः घेऊन गेलो. दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा तृतीय पक्षाचा विमा आहे, तो सक्तीचाच असतो, पण दोन पत्र्यांसाठी त्या घराला कागदपत्रांच्या मागे लावणे मला बरे वाटले नाही. यंत्राच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र मी घेताना वगळला होता. हप्ता वाचवला असे तेव्हा वाटले होते, आणि तुला मी ते सांगितले नव्हते.

संध्याकाळी घरी पंचायत बसली. पुतण्या म्हणाला, "काका, जीपीएस गेला म्हणून सांगा, वॉरंटीत बसेल." ज्याच्याकडून यंत्र घेतले त्या दुकानातल्या मुलानेही फोनवर आवाज खाली करून तेच सुचवले. मोह झाला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. रात्रभर त्या वाक्याची मी मनात उजळणी केली. पण या यंत्रात प्रत्येक उड्डाणाची नोंद राहते. किती वाजता किती दाब होता, किती उपग्रह दिसत होते, आज्ञा कोणी दिली, उंची किती, हे सगळे त्यात क्षणाक्षणाला लिहिलेले असते. मी ती नोंद उतरवून घेतली आणि पुतण्याला शेजारी बसवून वाचली. उपग्रह भरपूर होते, जीपीएसला काहीही झाले नव्हते. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे अपघाताची खबर चालकाने ४८ तासांच्या आत डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर द्यायची होती. ती मी त्याच रात्री दिली, आणि सरकारला एक व कंपनीला दुसरे सांगण्याइतकी माझी स्मरणशक्ती चांगली नाही.

नोंद वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. समोरचा अडथळा ओळखणारे रडार आदळण्याच्या आधी चार मिनिटे मुके होते. हे रडार मे महिन्यातही दोनदा असेच गप्प झाले होते. २७ मेला मी तक्रार नोंदवली, 'सॉफ्टवेअर अद्ययावत करा' असा संदेश आला, मी केले, आणि तक्रार निकाली निघाली. रडार चालू असते तर त्याने फांद्या पाहिल्या असत्या का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बारीक पाल्याच्या झाडापुढे अशी रडारे चुकतात.

कंपनीच्या अर्जात 'अपघाताचे कारण' असा रकाना होता. त्यात मी लिहिले: 'परतीची उंची झाडांपेक्षा कमी ठेवली, ही चालकाची चूक. त्याशिवाय रडारची माहिती चार मिनिटे बंद, यापूर्वीची तक्रार २७ मे.' पुतण्या म्हणाला, हा आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणे झाले. काही दिवस त्याचे म्हणणे खरेच ठरले. यंत्र खोक्यात भरून १९ तारखेला ट्रान्सपोर्टने परराज्यातल्या दुरुस्ती केंद्राकडे पाठवले. बॅटरी कुणी घेईना, चेपलेली बॅटरी कोण नेणार, ती अजून माझ्याच रानात वाळूत आहे. त्यानंतर रोज तेच. फोन लावायचा, यंत्राचा आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणायचा, मग एखादी मुलगी अतिशय गोड आवाजात 'तपासणी चालू आहे' म्हणायची. दर वेळी नवीन व्यक्ती, दर वेळी कथा पहिल्यापासून. पाचव्या वेळेपासून मी तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहू लागलो, आणि प्रत्येक फोननंतर 'आज आपले असे बोलणे झाले' असा चार ओळींचा ईमेल पाठवू लागलो. ही युक्ती तुझ्याच कारखान्यातली, तू एकदा ठेकेदाराविषयी सांगितली होतीस.

३ सप्टेंबरला अंदाजपत्रक आले: १,३८,४०० रुपये. सहाही मोटारी नव्या, रडार नवे, दोन हात, पाय, टाकी, पंखे. खाली एक ओळ: 'ग्राहकाने चालकाची चूक मान्य केल्यामुळे वॉरंटी लागू नाही.' मित्रा, ते वाचून मला पैशापेक्षा त्या ओळीचा राग आला. मी एका गोष्टीची चूक मान्य केली होती, आणि तिच्या पांघरुणाखाली सगळेच झाकले जात होते.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिले आणि ते लिहायला तीन तास लागले, कारण पहिल्या मसुद्यात नुसता संताप होता. शेवटी तीनच गोष्टी ठेवल्या. हात, पाय, टाकी, पंखे आणि आदळलेल्या बाजूच्या दोन मोटारी यांचा खर्च माझा, त्यावर वाद नाही. उरलेल्या चार मोटारी का बदलायच्या, याचा प्रत्येकीचा चाचणी अहवाल द्यावा. आणि रडार पडण्याने बिघडलेले नाही. ते आधीपासून बिघडलेले होते, त्याची तक्रार वॉरंटीच्या काळात तुमच्याकडे नोंदलेली आहे आणि अपघाताच्या नोंदीतही आदळण्याच्या आधीच ते बंद दिसते. इस्लामपूरच्या एका वकिलांनी सांगितले होते की स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून वापरलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ते मी पत्रात घातले नाही. गरज लागली असती तर घातले असते.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुरुस्ती केंद्रातल्या एका अभियंता बाईंचा फोन आला. त्यांनी माझी नोंद खरोखर वाचली होती, हे पहिल्या मिनिटात कळले. आणि त्यांनी असा प्रश्न विचारला, ज्याची मी तयारी केली नव्हती: "मे महिन्यापासून रडारचा भरवसा नाही हे तुम्हाला ठाऊक होते, तर मग त्या दिवशी उडवलेत कशाला?" मी गप्प झालो. खरे उत्तर एवढेच होते की हंगाम चालू होता, एकरी पैसे मिळत होते, आणि तुझ्या सहीच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर होता. मी तसेच सांगितले, आणि 'ही चूकही माझी, ती लिहून देतो' म्हणालो. त्या म्हणाल्या, "लिहून द्या, पण त्यामुळे रडार चांगले होत नाही. ते आमचेच सदोष आहे." बारा वर्षे मी कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी कुणाकुणाशी भांडतो आहे, समोरच्या बाजूने असे वाक्य पहिल्यांदा ऐकले.

१२ सप्टेंबरला सुधारित अंदाजपत्रक आले, ९४,६०० रुपयांचे. रडार विनामूल्य, आणि चार मोटारी चाचणीत ठीक निघाल्यामुळे वगळल्या. यंत्र २४ तारखेला घरी आले. एकूण ३९ दिवस गेले आणि फवारणीचा खरा हंगाम त्यातच सरला. या खोळंब्याबद्दल मी भरपाई मागितली नाही, त्याबद्दल पुतण्या अजून नाराज आहे, आणि त्या बाबतीत त्याचे चुकते आहे असे मला खात्रीने म्हणता येत नाही.

पैशांचे असे झाले. दुरुस्तीसाठी आईच्या नावची ठेव मोडली, तिला विचारून. त्यामुळे हप्त्याला पैसे उरले नाहीत. साखर कारखान्याकडून उसाच्या पैशांचा पहिला हप्ता यायला अजून अवकाश आहे. शेवटी एक कालवड विकून २१ सप्टेंबरला हप्ता दंडासह भरला. ऑक्टोबरचा काल वेळेवर गेला. दोन्ही पावत्यांच्या प्रती सोबत आहेत. पुढचे तीन हप्ते अडचणीचे आहेत, आणि अडचण आली तर या वेळी तारखेच्या आधी तुला फोन येईल. जामीनकीतून मोकळे व्हायचे असेल तर तसे निःसंकोच कळव. मी पर्यायी जामीनदार बघतो, आणि त्याने आपल्यात काही कमी होणार नाही.

परवा यंत्र पुन्हा उडवले. आता शेतात गेल्यावर आधी बांधाने पूर्ण फेरी मारतो, सगळ्यात उंच झाड कोणते ते बघतो, त्याहून ५ मीटर जास्त उंची भरतो आणि शेतमालकाच्या समोर ती मोठ्याने वाचून दाखवतो. लोक हसतात, पण एक-दोघांनी 'तिकडं नवी तार ओढलीय' असे आपणहून सांगितले. त्या गोठ्याच्या शेजारच्या रानातही काम आले होते. आधी आजींकडे गेलो आणि उडवू का म्हणून विचारले. त्यांनी नातवाला हाक मारून घरात घेतले, दाराला कडी घातली आणि खिडकीतून हात हलवून म्हणाल्या, "आता उडीव."

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दिवाळीला येशील तेव्हा ती नोंद तुला दाखवतो. रडारविषयी तुझे मत मला हवे आहे.

तुझा मित्र