महामार्गांची लांबी आणि सेवारस्ते

महोदय,

देशातील राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०१४ मधील सुमारे ९१ हजार किलोमीटरवरून आज १ लाख ४६ हजार किलोमीटरवर गेली, ही मोठी मजल असली तरी त्यातील बराच भाग नव्याने बांधलेला नसून राज्य मार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाल्यामुळे वाढलेला आहे, हे या आकड्याबरोबर सहसा सांगितले जात नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणाऱ्या, १९९९ मध्ये पायाभरणी झालेल्या सुवर्ण चतुर्भुज योजनेत दिल्ली-मुंबई मार्ग गुजरातमधून गेला आणि जुन्या मुंबई-आग्रा महामार्गावरील नाशिक त्याबाहेर राहिले. चौपदरीकरण आपल्याकडेही झाले, पण उशिराच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने कसारा घाटाला पर्याय मिळाला. तो रस्ता राज्याचा, हेही नोंदवायला हवे.

खरी अडचण महामार्गालगतच्या, स्थानिक वाहतुकीसाठीच्या सेवारस्त्यांची आहे. उड्डाणपुलावरून वाहने विनाअडथळा जातात. खाली मात्र कांद्याचे ट्रक, रिक्षा आणि शाळेच्या बस एकाच अरुंद पट्ट्यात अडकतात, आणि वळण लांब असल्याने दुचाकीस्वार सर्रास उलट दिशेने येतात. त्यांना दंड करणे सोपे आहे, सोयीचे भुयारी मार्ग देणे खर्चाचे. सिंहस्थाच्या निधीतून किमान सेवारस्त्यांचे रुंदीकरण आणि पावसाळी पाण्याचा निचरा ही कामे आधी हाती घ्यावीत.

– एक वाचक, नाशिक